एक्स्प्लेनर : सायलेन्सरमधून फटाके का फुटतात? मशीनगनवाल्याच्या मुलाने आवाज कसा दाबला?

हायरम पर्सी मॅक्झिम यांचा जन्म १८६९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. वडील हायरम मॅक्झिम हे मशीनगनचे जनक. मुलगा लहान असतानाच ते घर सोडून इंग्लंडला गेले आणि तोफा-बंदुकांच्या दणक्यांनी पुढे ठार बहिरे झाले.

मुलगा एमआयटीतून इंजिनीअर झाला. पेट्रोलची ताकद पाहायला त्याने तोफेच्या रिकाम्या काडतुसात थोडे पेट्रोल टाकून काडी लावली. मोठा भडका उडाला! बाइकच्या सायलेन्सरमधला 'फट्ट' आवाज याच जातीचा. इंजिनात न जळलेले पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टमध्ये जाते, तिथे हवा मिळाली की पेटते. कारणे बहुधा साधी असतात. एक्झॉस्टचा जोड गळका, स्पार्क प्लग खराब किंवा पेट्रोल-हवेचे प्रमाण बिघडलेले. म्हणून आधी गॅस्केट आणि प्लग पाहावा, मग कार्बोरेटर ट्यून करून घ्यावा. इग्निशनचे टायमिंगही तपासावे. थेट सायलेन्सर बदलणे म्हणजे बहुतेक वेळा फुकटचा खर्च.

१९०९ मध्ये मॅक्झिम यांनी बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट मिळवले. नळीतून वेगाने सुटणारा वायू आत गोल फिरवायचा, त्याचा जोर कमी करायचा आणि मग सावकाश बाहेर सोडायचा. हेच तंत्र त्यांनी इंजिनांच्या एक्झॉस्टसाठी वापरले. हार्टफर्डमधील त्यांची कंपनी पुढे बंदुका सोडून याच कामाकडे वळली. १९३६ मध्ये मॅक्झिम यांचे निधन झाले. हौशी रेडिओवाल्यांची जी संघटना त्यांनी १९१४ मध्ये सुरू केली, ती अमेरिकेत आजही चालू आहे.