हिरालाल जैन

डॉ. हिरालाल जैन (इ.स. १८९९ – इ.स. १९७३) हे संस्कृत, प्राकृत व अपभ्रंश या भाषांचे अभ्यासक आणि ग्रंथसंपादक होते. वऱ्हाडातील जैन मंदिरांच्या कपाटांत बंद असलेले हस्तलिखित वाङ्मय छापील रूपात विद्यापीठांच्या ग्रंथालयांपर्यंत पोहोचविण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

जीवन

त्यांचा जन्म मध्य प्रांतातील नरसिंहपूर जिल्ह्यात झाला. अलाहाबाद विद्यापीठातून एम.ए. झाल्यावर १९२५ मध्ये ते अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात (नंतरचे विदर्भ महाविद्यालय) संस्कृतचे अध्यापक झाले. १९४४ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेले. पुढे बिहारमधील प्राकृत संशोधन संस्थेचे संचालकपद आणि जबलपूर विद्यापीठातील संस्कृत, पाली व प्राकृत विभागाचे प्रमुखपद त्यांनी सांभाळले.

कारंजाची शास्त्रभांडारे

तेव्हाच्या अकोला (आता वाशीम) जिल्ह्यातील कारंजा येथे बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे असून त्यांत पोथ्यांचे जुने संग्रह आहेत. मध्य प्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत या पोथ्यांची नोंद आली. सूचीकार रायबहादूर हिरालाल हे वेगळे गृहस्थ. नामसाम्यामुळे दोघांची गल्लत होते. तथापि सूचीत नाव आले म्हणजे ग्रंथ वाचकाच्या हाती आला, असे नव्हे. हेर्मान याकोबी यांनी १९१८ मध्ये जर्मनीत 'भविसत्तकहा' प्रसिद्ध केली, तरीही अपभ्रंशातील संपूर्ण काव्ये अभ्यासकांना क्वचितच उपलब्ध होती. ही उणीव कारंजातून निघालेल्या ग्रंथमालांनी बरीच भरून काढली. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले 'जसहरचरिउ' १९३१ मध्ये निघाले. त्यानंतर जैन यांनी 'सावयधम्मदोहा' (१९३२), 'णायकुमारचरिउ' व 'पाहुडदोहा' (१९३३) आणि 'करकंडचरिउ' (१९३४) संपादिले. यांपैकी शेवटच्या काव्यातील तेरापूरच्या लेण्यांचा संबंध त्यांनी धाराशिवजवळील लेण्यांशी जोडला. काव्याच्या प्रस्तावनेतील हा भाग इतिहासाच्या अभ्यासकांनीही वाचण्याजोगा आहे.

षट्खंडागम

त्यांचे सर्वांत मोठे कार्य म्हणजे वीरसेनांच्या 'धवला' टीकेसह 'षट्खंडागम' या दिगंबर आगमग्रंथाचे सोळा भागांतील संपादन. मूळ ताडपत्रे कर्नाटकात मूडबिद्री येथे, जुन्या कन्नड लिपीत होती, आणि ती बाहेर जाऊ दिली जात नसत. तेथे नकला उतरविण्याचे काम चालू असताना एक नकल परवानगीवाचून बाहेर गेली. तिच्यावरून नागरी प्रती तयार झाल्या. अमरावती, कारंजा व आरा येथील अशा प्रतींच्या आधारे पहिला भाग १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. भेलसा (आताचे विदिशा) येथील शेठ लक्ष्मीचंद्र यांच्या देणगीतून खर्च भागला. पं. फूलचंद्र, पं. हिरालाल (हे तिसरे हिरालाल) व पं. बालचंद्र हे शास्त्री आणि आ. ने. उपाध्ये यांचे त्यांना साहाय्य लाभले.

नकलेवरून नकल करताना शब्द गळतात. पहिल्या भागातील त्र्याण्णवाव्या सूत्रात 'संजद' (संयत) हा शब्द प्रतींमध्ये नव्हता. अर्थाच्या दृष्टीने तो तेथे असावा, अशी तळटीप संपादकांनी दिली. सूत्र स्त्रियांविषयीचे होते. शब्द स्वीकारल्यास स्त्रीला पूर्ण संयम, पर्यायाने मोक्षही साध्य आहे, असा अर्थ निघेल, म्हणून दिगंबर पंडितांमध्ये तीव्र वाद झाला. 'संजद' स्वीकारणाऱ्यांपैकीही अनेकांनी तेथे भावस्त्रीच अभिप्रेत असल्याचे प्रतिपादन केले. पुढे मूडबिद्रीच्या विश्वस्तांनी पाठ ताडून पाहण्यास संमती दिली, तेव्हा तो शब्द ताडपत्रात असल्याचे आढळले.