स्वतःच्याच नावाशी स्पर्धा करणारा ओले एव्हिनरूड

मासेमारीसाठी लहान होडी आणि तिला साजेसे इंजिन घ्यायला निघालेला माणूस काही ठरावीक गोष्टी पडताळून पाहतो. इंजिनाचे वजन किती, अश्वशक्ती किती, किंमत किती आणि पहाटेच्या गारठ्यात ते चटकन सुरू होते की नाही? अमेरिकेतील सरोवरांवर गळ टाकून बसणारा हौशी असो किंवा नॉर्वेच्या खाड्यांमध्ये पोटासाठी जाळे टाकणारा मच्छीमार, हे प्रश्न कोणालाच चुकलेले नाहीत. होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचे आणि काम झाल्यावर काढून घरी न्यायचे इंजिन, म्हणजेच 'आउटबोर्ड' इंजिन, सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय ओले एव्हिनरूड या नॉर्वेजियन वंशाच्या अमेरिकी तंत्रज्ञाला दिले जाते. कोकण किनाऱ्यावरील लहान होड्यांच्या मागेही आज अशी इंजिने दिसतात. मात्र ज्या तुलनेच्या कसोटीवर त्याचे पहिले इंजिन उतरले, त्याच कसोटीवर त्याला पुढे स्वतःच्याच नावाविरुद्ध उभे राहावे लागले, ही त्याच्या आयुष्यातील विलक्षण गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

शेतातून कारखान्याकडे

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेतील योविक गावाच्या परिसरात एका शेतकरी कुटुंबात झाला. तो पाच वर्षांचा असताना, १८८२ मध्ये, हे कुटुंब अमेरिकेला गेले आणि विस्कॉन्सिन राज्यातील केंब्रिज या गावाजवळ, रिप्ली सरोवराच्या परिसरात शेती करू लागले. नॉर्वेतील एका शेतमळ्याचे नाव या घराण्याने आडनाव म्हणून घेतले. आगबोटीवरच्या प्रवासात हा लहानगा वारंवार इंजिनघरात सापडत असे, अशी आठवण त्याच्या घरात सांगितली जाई.

शाळेचे शिक्षण फारसे झाले नाही. शेतीची कामे करता करता त्याचे मन अवजारांच्या दुरुस्तीत रमू लागले. सरोवराकाठी राहणाऱ्या या मुलाने पंधराव्या-सोळाव्या वर्षी शिडाची होडी बांधायला घेतली. वडिलांना हा उद्योग पसंत नव्हता. मुलाने शेती सांभाळावी, असे त्यांचे मत होते. पहिल्या होडीचे सरपण झाले आणि दुसरी त्याने चोरून बांधली, असे सांगतात. ही दुसरी होडी पाण्यावर डौलाने तरंगताना पाहून वडिलांचा विरोध मावळला.

सोळाव्या वर्षी ओले घर सोडून मॅडिसन शहरात आला आणि शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी करू लागला. दिवसा काम आणि रात्री अभियांत्रिकीची पुस्तके, असा त्याचा क्रम होता. पुढे पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत आणि शिकागोत त्याने अनुभव घेतला व अखेर तो मिलवॉकी येथे स्थिरावला. तेथे ई. पी. अ‍ॅलिस या वाफेच्या इंजिनांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीत तो ओतकामाचे लाकडी पॅटर्न घडवणारा कारागीर होता. लाकडात आकार घडवायचा आणि तोच पुढे धातूत उतरताना पाहायचा, ही शिस्त त्याच्या अंगी येथे बाणली.

त्या काळी पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनांचे वेड सर्वत्र पसरत होते. ओलेनेही भागीदारीत इंजिने बनवण्याचा व्यवसाय सुरू केला. मिलवॉकीतच मोटारसायकल घडवण्याच्या खटपटीत असलेल्या हार्ले व डेव्हिडसन या तरुणांना त्याने या काळात तांत्रिक मदत केली होती. परंतु त्याचे भागीदारीचे व्यवसाय फार काळ टिकले नाहीत. यंत्र उत्तम घडवणारा हा माणूस हिशेब आणि पत्रव्यवहार यांत मागे पडे. ही उणीव भरून काढली बेस कॅरी या तरुणीने. त्याच्या कचेरीचे कागदपत्र सांभाळणाऱ्या बेसशी १९०६ मध्ये त्याचा विवाह झाला. पुढच्या वर्षी त्यांना राल्फ हा मुलगा झाला.

बासष्ट पौंडांचे यंत्र

आउटबोर्ड इंजिनाची कल्पना ओलेला कशी सुचली, याची कथा अमेरिकेत फार लोकप्रिय आहे. विस्कॉन्सिनमधील एका सरोवरावर उन्हाळी सहलीला गेले असता बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओलेने होडी वल्हवत ते पैलतीरावरून आणले. वल्ही मारून हात भरून आले आणि परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेले. वल्ह्यांचे काम इंजिनाकडे सोपवावे, हा विचार तेथे पक्का झाला, असे म्हणतात. ही कथा गोड असली, तरी असा विचार करणारा ओले पहिला नव्हता, हेही सांगायला हवे. अमेरिकेत १८९६ मध्येच असे एक इंजिन तयार झाले होते आणि कॅमेरॉन वॉटरमन या गृहस्थाने ओलेच्या काही वर्षे आधी आपली इंजिने बाजारात आणली होती.

ओलेचे यश त्याच्या मांडणीत होते. त्याने सिलिंडर आडवा ठेवला, दांडा उभा केला आणि चक्र म्हणजे फ्लायव्हील सर्वांत वर बसवले. उभा दांडा सरळ पाण्यात उतरे आणि पाण्याखालच्या पेटीतील दातेरी चक्रे त्याची गती पंख्याकडे वळवीत. पुढे आउटबोर्ड इंजिनांच्या जगात हीच मांडणी रूढ झाली. पहिला नमुना पाहून बेसला तो कॉफी दळण्याच्या यंत्रासारखा वाटला होता. १९०९ मध्ये मिलवॉकीच्या किनिकिनिक नदीत भाड्याच्या होडीला हे यंत्र अडकवून त्याची चाचणी घेण्यात आली. दीड अश्वशक्ती, बासष्ट पौंड म्हणजे सुमारे २८ किलो वजन आणि बासष्ट डॉलर किंमत, असा त्याचा हिशेब होता.

हे यंत्र आजच्या मानाने ओबडधोबडच होते. त्याला क्लच नव्हता. त्यामुळे इंजिन पेटताक्षणी होडी चालू लागे. फ्लायव्हीलवरची मूठ हाताने फिरवून ते सुरू करावे लागे आणि हात वेळेवर काढला नाही, तर गरगरणारी मूठ बोटांवर आदळे. तरीही ते चालत असे आणि विश्वासाने चालत असे. एका मित्राने ते वापरून पाहिले आणि इतरांकडून दहा यंत्रांची मागणी आणली. ओलेने पहिल्या खेपेस पंचवीस यंत्रे बनवली. बेसने वल्ही फेकून देण्याचे आवाहन करणारी जाहिरात स्वतः लिहिली आणि मागणीची पत्रे येऊ लागली. १९११ मध्ये ओलेला पेटंट मिळाले. मिलवॉकीतील टगबोटींचा व्यावसायिक ख्रिस मायर भागीदार म्हणून आला आणि त्याच्या भांडवलावर कारखाना वाढला.

परदेशी बाजारपेठ उघडली तीही बेसच्या पत्रव्यवहारातूनच. न्यूयॉर्कमधील एका डॅनिश निर्यातदारामार्फत ही इंजिने स्कँडिनेव्हियातील मच्छीमारांपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील ग्राहक मुख्यतः हौशी होते, तर उत्तरेकडील थंड समुद्रात वल्ही मारणाऱ्या मच्छीमारांसाठी हे यंत्र रोजच्या भाकरीशी जोडलेले होते. वाचलेला वेळ आणि वाचलेली शक्ती त्यांना जाळ्याकडे वळवता येत होती. ज्या देशातून शेतकऱ्याचा मुलगा म्हणून ओले निघाला होता, तेथेच त्याचे यंत्र कष्टकऱ्यांच्या कामी आले.

नाव परक्याचे झाले

व्यवसाय वाढत असताना बेसची प्रकृती मात्र ढासळत गेली. दिवसभर कचेरी, रात्री पत्रे आणि घरी लहान मूल, हा भार तिला पेलवेना. तेव्हा ओलेने घेतलेला निर्णय व्यापारी दृष्टीने आत्मघातकी होता. १९१४ च्या सुमारास त्याने कंपनीतील आपला हिस्सा मायरला विकला आणि पाच वर्षे या व्यवसायात पाऊल न टाकण्याचे मान्य केले. पेटंट गेले, कारखाना गेला आणि त्यांच्यासोबत यंत्रावर कोरलेले स्वतःचे आडनावही गेले. पुढची काही वर्षे या कुटुंबाने प्रवासात आणि विश्रांतीत काढली. बेसची प्रकृती हळूहळू सुधारली.

ओलेचे हात स्वस्थ बसणारे नव्हते. जुन्या इंजिनाचा सर्वांत मोठा दोष त्याला ठाऊक होता, तो म्हणजे वजन. ओतीव लोखंड, पोलाद व पितळ यांचे ते धूड खांद्यावर घेऊन धक्क्यापर्यंत जाणे ही शिक्षाच होती. शिवाय लहान होडीच्या मागच्या टोकावर जितके वजन अधिक, तितकी ती मागून दबते आणि पुढून उचलली जाते. ओलेने नव्या इंजिनात अ‍ॅल्युमिनियमचा मुबलक वापर केला आणि एकाऐवजी दोन सिलिंडर घातले. तीन अश्वशक्तीच्या या इंजिनाचे वजन सुमारे ४८ पौंड, म्हणजे २२ किलोच्या आसपास होते. पहिल्या यंत्राच्या दुप्पट शक्ती आणि वजन जवळजवळ पाव हिश्श्याने कमी, असा हा हिशेब होता.

हे नवे इंजिन त्याने प्रथम मायरला देऊ केले. मायरने नकार दिला. तेव्हा पतिपत्नींनी पुन्हा कंबर कसली आणि १९२१ मध्ये 'एल्टो' कंपनी सुरू झाली. एव्हिनरूडचे हलके, दोन सिलिंडरांचे आउटबोर्ड, या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून बेसने हे नाव जुळवले होते. कायद्याने गेलेले आडनाव एका अक्षराच्या रूपाने पुन्हा यंत्रावर आले. मात्र दुकानात आता एका बाजूला 'एव्हिनरूड' आणि दुसऱ्या बाजूला 'एल्टो' उभे होते. दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेली होती आणि ग्राहक त्यांची तुलना करत होता.

तुलनेची कसोटी

या स्पर्धेत लवकरच तिसरा भिडू उतरला. इंडियाना राज्यातील जॉन्सन बंधूंनी १९२२ मध्ये दोन अश्वशक्तीचे, अवघ्या ३५ पौंडांचे, म्हणजे सुमारे १६ किलोचे इंजिन बाजारात आणले. आता ग्राहकाला खरी निवड करावी लागली. एल्टोची शक्ती अधिक, पण वजनही अधिक. एल्टोला वळवण्यासाठी सुकाणू होते. जॉन्सनचे इंजिन मात्र पंख्यासह पूर्ण वर्तुळात फिरवता येई, त्यामुळे होडी मागेही नेता येई. पुढे जॉन्सनने सहा अश्वशक्तीचे इंजिन काढून वेगाची गोडी लावली. ओलेने १९२८ मध्ये चार सिलिंडरांचे, अठरा अश्वशक्तीचे 'क्वाड' काढून त्याला उत्तर दिले. वीस वर्षांपूर्वी दीड अश्वशक्तीवर समाधान मानणारा हा उद्योग किती पुढे गेला होता, हे या आकड्यांवरून दिसते.

१९२९ मध्ये इंजिन उद्योगातील स्टीफन ब्रिग्ज यांच्या पुढाकाराने एव्हिनरूड, एल्टो आणि लॉकवूड या कंपन्या एकत्र आल्या. नव्या कंपनीचे अध्यक्षपद ओलेकडे आले. सुमारे पंधरा वर्षांनी त्याचे नाव त्याला परत मिळाले. पण त्याच वर्षी अमेरिकेत महामंदीचे संकट कोसळले. हौसेच्या वस्तूंची मागणी आटली. कंपनी तगवण्याची धडपड चालू असतानाच १९३३ मध्ये बेसचे निधन झाले. त्यानंतर वर्षभराहून थोड्या अधिक काळातच, १२ जुलै १९३४ रोजी, ओलेनेही वयाच्या ५७ व्या वर्षी मिलवॉकी येथे जगाचा निरोप घेतला.

वारसा

मुलगा राल्फने ब्रिग्ज यांच्यासह मंदीत खचलेली जॉन्सन कंपनी विकत घेतली आणि १९३६ मध्ये जुने प्रतिस्पर्धी एका छत्राखाली आले. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांच्या कारखान्यांतील अ‍ॅल्युमिनियम होडीच्या सांगाड्यातही आले. ग्रुमन या विमान कंपनीने युद्धाच्या अखेरीस अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या बनवायला सुरुवात केली. ज्या धातूने ओलेने इंजिन हलके केले, त्यानेच आता होडीही हलकी झाली. ती मोटारीच्या टपावर नेता येऊ लागली.

आजही अ‍ॅल्युमिनियमची होडी घेणारा माणूस पत्र्याची जाडी पाहतो, सांधे रिव्हेटचे आहेत की वेल्डिंगचे ते पाहतो, उथळ पाण्यासाठी सपाट तळ हवा की लाटांसाठी व्ही आकाराचा, याचा विचार करतो. मागच्या फळीची उंची आणि इंजिनाच्या दांड्याची लांबी जुळते का, हे तपासावे लागते. होडीला किती अश्वशक्ती व किती भार पेलेल, याचीही मर्यादा पाळावी लागते. वापर खाऱ्या पाण्यात असेल, तर धातू झिजण्याचा विचारही करावा लागतो. या साऱ्याच्या मुळाशी ओलेचाच जुना प्रश्न आहे. तेवढ्याच वजनात अधिक शक्ती कशी मिळेल?

एव्हिनरूडची मूळ कंपनी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मालकांनी उत्पादन चालू ठेवले, पण २०२० मध्ये या नावाची आउटबोर्ड इंजिने बनवणे बंद झाले. जे नाव ओलेने पत्नीच्या प्रकृतीसाठी सोडले आणि आयुष्याच्या उतरणीला परत मिळवले, ते आता नव्या इंजिनांवर दिसत नाही. वर फ्लायव्हील, मध्ये उभा दांडा आणि पाण्याखाली दातेरी चक्रे, ही त्याची मांडणी मात्र इतर नावांच्या असंख्य इंजिनांमध्ये आजही कायम आहे.