आयर्लंडच्या खेड्यांनी जपलेला जिम रीव्हज

सन १९६३ चा जून महिना. आयर्लंडच्या ग्रामीण भागातील नृत्यगृहांबाहेर संध्याकाळ झाली की सायकली आणि जुन्या मोटारींची दाटी होऊ लागे. आत एका भिंतीशी तरुण, समोरच्या भिंतीशी तरुणी आणि मध्ये गुळगुळीत केलेली लाकडी जमीन. ज्याचा आवाज आजवर केवळ रेडिओवर आणि तबकडीवर ऐकला होता, तो जिम रीव्हज हा अमेरिकन गायक प्रत्यक्ष समोर येणार होता. तो आला, नीटनेटक्या पोशाखात, शांतपणे उभा राहून गायला. काही ठिकाणी मात्र मोजकीच गाणी म्हणून तो व्यासपीठावरून निघूनही गेला. कारण वरवर पाहता क्षुल्लक होते. नृत्यगृहातला पियानो बेसूर होता.

पदरचे पैसे मोडून आलेल्या श्रोत्यांनी अशा पाहुण्याला मनातून उतरवले असते तर नवल नव्हते. घडले ते नेमके उलट. पुढच्या वर्षी रीव्हज अपघातात गेला, आणि आयर्लंडच्या खेड्यांनी त्याला आपल्याच घरचा माणूस गेल्यासारखे मनात जपून ठेवले. साठ वर्षे उलटली तरी तेथील कंट्री संगीताच्या मैफलीत त्याची गाणी निघतात. टेक्ससच्या एका शेतकरी घरातला हा गायक अटलांटिकपलीकडच्या छोट्या शेतकऱ्यांना इतका जवळचा का वाटला, याचे उत्तर त्याच्या चरित्रात जितके आहे तितकेच त्या खेड्यांच्या इतिहासातही आहे.

जेम्स ट्रॅव्हिस रीव्हजचा जन्म २० ऑगस्ट १९२३ रोजी पूर्व टेक्ससमधील पॅनोला परगण्यातल्या गॅलोवे या वस्तीत झाला. तो तान्हा असतानाच वडील वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. शेतीच्या कष्टांवर चाललेल्या त्या घरात चैनीला जागा नव्हती. लहानपणी कानावर पडलेल्या जिमी रॉजर्सच्या तबकड्यांनी त्याला गाण्याची ओढ लावली. परंतु तरुणपणी त्याचे खरे स्वप्न बेसबॉलचे होते. टेक्सस विद्यापीठात भाषण आणि नाट्य या विषयांसाठी मिळालेली शिष्यवृत्ती त्याने काही आठवड्यांतच सोडली, ह्यूस्टनच्या जहाजबांधणी कारखान्यात काम केले आणि १९४४ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स या नामांकित संघाच्या दुय्यम फळीत गोलंदाज म्हणून प्रवेश मिळवला. पायाच्या नसेला झालेल्या दुखापतीने ते स्वप्न १९४७ च्या सुमारास संपले. त्याच वर्षी मेरी व्हाइट हिच्याशी त्याचा विवाह झाला.

खेळ सुटल्यावर त्याने रेडिओ निवेदकाची नोकरी धरली. लुइझियानातील श्रीव्हपोर्टच्या केंद्रावरून 'लुइझियाना हेराइड' हा कंट्री गायकांचा लोकप्रिय कार्यक्रम प्रसारित होत असे आणि रीव्हज तेथे निवेदन करी. एका रात्री ठरलेला गायक आलाच नाही म्हणून निवेदकालाच गावे लागले, अशी कथा सांगितली जाते. ती कशीही असो, निवेदनाच्या त्या वर्षांनी त्याला एक गोष्ट शिकवली. रेडिओ ऐकणारा माणूस सभागृहात बसलेला नसतो. तो स्वयंपाकघरात किंवा अंथरुणावर, बहुधा एकटाच असतो. त्याच्याशी बोलायला आवाज चढवावा लागत नाही.

गायक म्हणून त्याचे पहिले यश मात्र या शिकवणुकीच्या विरुद्ध होते. १९५३ मधले 'मेक्सिकन जो' आणि त्यापाठोपाठचे 'बिम्बो' ही गाणी चढ्या पट्टीतली, उडत्या चालीची आणि गमतीची होती. दोन्ही कंट्री गाण्यांच्या यादीत अग्रस्थानी पोहोचली. १९५५ मध्ये आरसीए व्हिक्टर या बड्या कंपनीने त्याला करारबद्ध केले आणि त्याच वर्षी नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री'चे दार त्याला उघडले. तरीही अशी गाणी फार काळ पुरणार नाहीत, हे त्याने ओळखले होते.

१९५७ मध्ये त्याने 'फोर वॉल्स' हे विरहगीत निवडले. निर्माता चेट अ‍ॅटकिन्स याच्या मते ते गाणे एखाद्या स्त्रीने गायला हवे होते. रीव्हजने आग्रह सोडला नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो मायक्रोफोनला जवळजवळ ओठ टेकवून, खर्जात, हलक्या आवाजात गायला. गाणे गाजले, आणि त्याची वाट त्याला सापडली. फिडल आणि स्टील गिटार यांचा ठसका मागे पडला. त्यांच्या जागी मोजका पियानो, मंद तंतुवाद्ये आणि पाठीमागे कोरस आला. 'नॅशव्हिल साउंड' म्हणून पुढे प्रसिद्ध झालेल्या या शैलीचा रीव्हज हा प्रमुख गायक ठरला.

१९५९ च्या अखेरीस आलेल्या 'ही विल हॅव टू गो'ने त्याचे नाव जगभर पोहोचवले. गाण्यातला प्रसंग साधा आहे. मद्यालयातून एक माणूस प्रेयसीला टेलिफोन करतो. तिच्याजवळ त्या क्षणी दुसरा कोणी आहे, हे त्याला ठाऊक आहे. तो ओरडत नाही, रडत नाही. फक्त जवळ येऊन बोल, असे विनवतो. फ्लॉइड क्रेमरचा पियानो त्या विनवणीला अलगद साथ देतो. अमेरिकेच्या कंट्री यादीत हे गाणे १४ आठवडे पहिल्या स्थानावर होते आणि सर्वसाधारण यादीतही दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

हे गाणे ज्या आयर्लंडमध्ये पोहोचले तेथील बहुसंख्य खेडुतांच्या घरी टेलिफोन नव्हता. विजेचे दिवेही अनेक ठिकाणी नुकतेच आले होते. ग्रामीण विद्युतीकरणाची योजना १९४६ मध्ये सुरू झाली आणि ती पूर्णत्वाला जायला तीन दशके लागली. पण दूर गेलेल्या माणसाशी बोलण्याची तळमळ म्हणजे काय, हे त्या घरांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. १९५१ ते १९६१ या दहा वर्षांत सुमारे चार लाख लोक देश सोडून गेले. १९६१ च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर आली होती. थोरल्याला शेत मिळे. बाकीच्या भावंडांना बहुधा इंग्लंडची बोट. मुलगे लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये बांधकामावर, मुली रुग्णालयांत किंवा घरकामाला. मागे उरलेल्या म्हाताऱ्या आईबापांच्या घरी पत्रे येत, सणाला पैसे येत, माणसे क्वचितच येत.

कंट्री संगीताचे मूळच आयरिश असल्याने ते तेथे रुजले, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. त्यात तथ्य आहे. अठराव्या शतकात अल्स्टर आणि स्कॉटलंडमधून अमेरिकेच्या डोंगराळ भागात गेलेल्या लोकांनी आपली फिडल आणि कथागीते सोबत नेली. तेथे ती आफ्रिकी वंशीयांच्या बँजोशी आणि ब्लूजशी मिसळली. तथापि रीव्हजच्या बाबतीत हा खुलासा अपुरा पडतो, कारण त्याने आपल्या गाण्यातून नेमकी फिडलच दूर सारली होती. त्याच्याकडून आयरिश श्रोत्याला पूर्वजांचे संगीत परत मिळत नव्हते. त्याला मिळत होता स्वतःच्याच घरातला अनुभव. आई, घर, ताटातूट, न आलेले पत्र, देवावरचा भरवसा हे विषय त्याच्या ओळखीचे होते, शब्द स्पष्ट होते आणि चाल पहिल्या ऐकण्यातच तोंडात बसणारी होती. मुख्य म्हणजे तो दुःखाचे प्रदर्शन करत नव्हता. भावना बोलून दाखवण्याची सवय नसलेल्या समाजाला हा संयम आपला वाटला.

या गाण्यांना घर मिळाले ते नृत्यगृहांत. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नृत्याला परवाना आवश्यक केला होता आणि त्यावर गावच्या धर्मगुरूंची करडी नजर असे. दारू मिळत नसे. चहा आणि लेमोनेडवर भागे. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात बहुतेक नृत्यगृहे बंद राहत आणि तेथे वाजवणारे 'शोबँड' तेवढ्या आठवड्यांसाठी इंग्लंड-अमेरिकेतील आयरिश वस्त्यांकडे निघत. पितळी वाद्ये आणि विजेच्या गिटारी घेऊन गावोगाव हिंडणारे हे वाद्यवृंद परदेशी गाजलेली गाणी हुबेहूब वाजवत. संथ नृत्यासाठी रीव्हजच्या गाण्यांसारखी दुसरी सोय नव्हती. अनोळखी तरुण-तरुणींना प्रथमच जवळ यायला ती चार मिनिटे मिळत, आणि त्यातून पुढे कितीतरी लग्ने जमली.

अशा मुलखात १९६३ च्या मे महिन्याच्या अखेरीस रीव्हज आपल्या 'ब्लू बॉइज' या वाद्यवृंदासह उतरला. स्वागत मोठे झाले. परंतु त्याची सगळी गायकी ज्या शांततेवर आणि ज्या पियानोवर उभी होती, त्या दोहोंची नृत्यगृहांत वानवा होती. लोक नाचायला आले होते. तो ऐकवायला आला होता. दमट हवेत उभे असलेले, निगा न राखलेले पियानो स्वराला धरून नव्हते. त्याचा पियानोवादक डीन मॅन्युएल त्यावर साथ करणार तरी कशी? रीव्हज सौम्य चेहऱ्याचा असला तरी कामाच्या बाबतीत कठोर होता. त्याने तक्रारी केल्या, काही कार्यक्रम आटोपते घेतले. काही ठिकाणी श्रोते रागावले. त्यांचा राग चुकीचा नव्हता आणि त्याचा आग्रहही चुकीचा नव्हता. १९ जूनला दौरा संपला. त्यानंतर आठवडाभरातच अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी आपल्या पूर्वजांच्या भूमीला भेट देण्यासाठी आयर्लंडमध्ये आले आणि रीव्हजच्या रुसव्याची चर्चा त्या उत्साहात विरून गेली.

तो पुन्हा कधी आला नाही. ३१ जुलै १९६४ रोजी आर्कान्सामधील बेट्सव्हिलहून नॅशव्हिलकडे येताना तो स्वतः एक इंजिनाचे छोटे विमान चालवत होता. शेजारी डीन मॅन्युएल होता. नॅशव्हिलजवळ ब्रेंटवुड येथे विमान वादळात सापडले आणि झाडीत कोसळले. शोधाला जवळजवळ दोन दिवस लागले. २ ऑगस्टला दोघांचे मृतदेह सापडले. एकेचाळिसावा वाढदिवस अठरा दिवसांवर आला होता.

बातमी आयर्लंडला पोहोचली तेव्हा रुसवा कुणाच्याच मनात उरला नव्हता. लाँगफर्ड परगण्यातील ग्रॅनार्डचा लॅरी कनिंगहॅम हा तरुण तेव्हा 'मायटी एव्हन्स' या शोबँडमध्ये गात असे. त्याचा खर्जातला आवाज रीव्हजच्या वळणाचा होता. त्याने 'ट्रिब्यूट टू जिम रीव्हज' ही श्रद्धांजली ध्वनिमुद्रित केली आणि १९६४ संपण्यापूर्वी ती ब्रिटनच्या विक्रीयादीतही पोहोचली. आयर्लंडच्या स्वतःच्या कंट्री संगीताला येथून बळ मिळाले. १९६६ मध्ये मोनाहन परगण्यातील कॅसलब्लेनीच्या टॉम मॅकब्राइडने, म्हणजे 'बिग टॉम'ने, आईवरचे 'जेंटल मदर' गाऊन तीच वाट पुढे नेली. लंडनच्या क्रिकलवुड भागातील 'गॅल्टीमोर' हे नृत्यगृह २००८ मध्ये बंद होईपर्यंत परदेशी राबणारे आयरिश मजूर अशाच गाण्यांसाठी तेथे जमत.

रीव्हजचा आवाजही थांबला नव्हता. पत्नी मेरीने त्याची शिल्लक ध्वनिमुद्रणे जिवापाड सांभाळली. त्यांपैकी 'डिस्टंट ड्रम्स'वर नंतर वाद्यमेळ चढवण्यात आला आणि १९६६ मध्ये ते गाणे ब्रिटनमध्ये पाच आठवडे अग्रस्थानी राहिले. १९६७ मध्ये त्याचा समावेश नॅशव्हिलच्या 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये झाला. नॉर्वे, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका, भारत अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या देशांत त्याचे श्रोते वाढत गेले. गोव्यात आणि मुंबईतील वांद्र्यासारख्या ख्रिस्ती वस्त्यांत नाताळच्या दिवसांत त्याची १९६३ ची नाताळगीते वाजत असल्याचे अनेक वाचकांना आठवत असेल.

आयर्लंडमध्ये मात्र ही आवड नेहमीच मानाने मिरवता आली नाही. डब्लिनच्या सुशिक्षित वर्तुळांना कंट्री संगीत म्हणजे गावंढळपणा वाटे. अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी राजकारणापूर्वी भावासोबत ग्रामीण नृत्यगृहांची साखळी चालवली होती. १९८० च्या आसपास ते दूरसंचार खात्याचे मंत्री असताना दूरचित्रवाणीवर काउबॉयच्या वेषात येऊन रीव्हजचे तेच टेलिफोनचे गाणे गायले. शहराने त्यांची टिंगल केली. पक्षातल्या त्यांच्या गटाला 'कंट्री अँड वेस्टर्न' हे हिणवणारे नाव चिकटले. तेच रेनॉल्ड्स १९९२ मध्ये पंतप्रधान झाले आणि उत्तर आयर्लंडच्या शांतता प्रक्रियेतील १९९३ च्या महत्त्वाच्या जाहीरनाम्यावर त्यांची स्वाक्षरी आहे.

१९८९ पासून अधिकृत स्थानिक रेडिओ केंद्रे सुरू झाली आणि गावांना आपल्या आवडीचे संगीत राजधानीच्या परवानगीशिवाय ऐकता येऊ लागले. डनिगॉलच्या डॅनियल ओडॉनेलने संथ, सौम्य गायकीची ती परंपरा नव्या पिढीकडे नेली. २०१४ मध्ये अमेरिकन गायक गार्थ ब्रुक्सच्या डब्लिनमधील पाच मैफलींची चार लाख तिकिटे विकली गेली. परवानगीच्या वादात त्या रद्द झाल्या, तेव्हा संसदेतही चर्चा झाली. २०२२ मध्ये पाचही मैफली पार पडल्या, तेव्हा ही आवड केवळ खेड्यांपुरती उरली नसल्याचे शहरालाही दिसले.

टेक्ससमधील कार्थेजजवळ रीव्हजचे स्मारक आहे आणि तेथे त्याचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. आयर्लंडमधली बरीच जुनी नृत्यगृहे मात्र बंद पडली. काहींची गोदामे झाली. त्यांतले बेसूर पियानो केव्हाच गेले. ज्यांची लग्ने तेथे जमली ते आता ऐंशीच्या घरात आहेत, आणि त्यांची नातवंडे पुन्हा कामासाठी परदेशी आहेत. आता घरोघरी टेलिफोन आहे. तरीही गावच्या एखाद्या समारंभात रात्र सरत आली की कुणीतरी खर्जात तेच गाणे सुरू करतो, आणि म्हातारी जोडपी नाचायला उठतात.