चित्रकाराने ओढलेली तार

मोर्स म्हटलं की आपल्याला डॉट आणि डॅश आठवतात, तेही व्हायव्हापुरते. पण हा माणूस इंजिनिअर नव्हताच! १७९१ साली अमेरिकेत जन्मलेला सॅम्युअल मोर्स पोर्ट्रेट काढून पोट भरायचा.

फेब्रुवारी १८२५ मध्ये तो वॉशिंग्टनला जनरल लाफायेतचं चित्र काढत होता. मोठं काम मिळालेलं, म्हणून खुशीत बायकोला पत्र लिहिलं. ती मात्र तीन दिवस आधीच न्यू हेवनच्या घरी वारली होती. अंतर जेमतेम ५०० किलोमीटर, पण वडिलांचं पत्र मिळून तो घरी पोचला तोवर दफनही उरकलं होतं.

या दुःखातूनच टेलिग्राफ जन्मला असं हमखास वाचायला मिळतं. मला ते जरा फिल्मी वाटतं, कारण कल्पना सुचली सात वर्षांनी, १८३२ मध्ये, युरोपहून परतताना जहाजावरच्या गप्पांत. पण निरोप उशिरा पोचणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

पुढची बारा वर्षं नुसती ओढाताण. लांब तारेत करंट क्षीण व्हायचा. प्रोफेसर गेल यांनी जोसेफ हेन्रींचं काम दाखवलं, तेव्हा जास्त सेलची बॅटरी आणि जास्त वेढ्यांचं कॉइल आलं. आल्फ्रेड व्हेलने यंत्र सुबक केलं. इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या ‘ई’ला एकच डॉट! कॉम्प्रेशन म्हणून आपण शिकतो त्याचं मूळ इथेच आहे. श्रेय मात्र सगळं मोर्सला, हे मला खटकतं.

१८४३ मध्ये काँग्रेसने ३०,००० डॉलर दिले. जमिनीखाली पाइपमधून टाकलेल्या तारांचं इन्सुलेशनच फेल गेलं, म्हणून शेवटी खांब उभारले. २४ मे १८४४ ला वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला, म्हणजे साधारण ६० किलोमीटरवर, संदेश गेला. मग व्यापारी दूरच्या बाजाराचे भाव त्याच दिवशी विचारू लागले. १८४६ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांनी खर्च वाटून बातम्या आणायला असोसिएटेड प्रेस काढली.

माणसं जोडणारा हा माणूस स्वतः मात्र गुलामगिरीचा समर्थक आणि कॅथलिकांचा कट्टर विरोधक. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे हे वाचून थोडी दचकलेच. १८३६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेयरपदाला उभा राहून सपाटून पडला, ते बरंच झालं. १८७२ मध्ये तो वारला.

आपल्याकडे १८५४ पर्यंत मुंबई-कलकत्ता तारेने जोडली गेली. सुरुवातीची यंत्रं ओशॉग्नेसी यांची, मोर्सची नंतर आली. जुलै २०१३ मध्ये ही सेवा बंद झाली. आजी सांगते, तारवाला दारात दिसला की तार उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची.