फ्रँक्लिन घराण्याचा शोध

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शिल्पकारांत बेंजामिन फ्रँक्लिन यांचे नाव फार मोठे आहे. विजेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ, मुद्रक, ग्रंथकार आणि मुत्सद्दी म्हणून जग त्यांना ओळखते. परंतु आपले पूर्वज कोण होते, ते कसे जगले, हे जाणून घेण्याची त्यांना किती ओढ होती, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बॉस्टन येथे झाला. त्याचे वडील जोसाया चरबीच्या मेणबत्त्या व साबण तयार करीत. त्यांना सतरा अपत्ये होती आणि मुलांमध्ये बेंजामिन धाकटा होता. एवढ्या मोठ्या कुटुंबात त्याच्या वाट्याला शाळा आली ती जेमतेम दोन वर्षे. बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी करू लागला आणि सतराव्या वर्षी घर सोडून फिलाडेल्फियाला गेला. तेथे त्याने केवळ स्वकष्टाने नाव मिळवले.

पुढे १७५७ साली पेन्सिल्व्हेनिया वसाहतीचे प्रतिनिधी म्हणून फ्रँक्लिन लंडनला गेले. दुसऱ्या वर्षी, १७५८ च्या उन्हाळ्यात, आपला पुत्र विल्यम याला घेऊन ते नॉर्दॅम्प्टनशायरमधील एक्टन या खेड्यात पोहोचले. जोसाया यांचे हे जन्मगाव. वाडवडिलांचे दगडी घर जीर्ण झाले होते. त्यात आता एक शाळा भरत असे. जमीनही दुसऱ्यांच्या हाती गेली होती. पण गावकरी त्या घराला अजून फ्रँक्लिनांचे घर म्हणूनच ओळखत होते.

गावच्या धर्मोपदेशकांनी त्यांना चर्चची जुनी नोंदवही दाखवली. तीत १५५५ सालापासूनच्या जन्म, विवाह व मृत्यूंच्या नोंदी होत्या. मग धर्मोपदेशकांची पत्नी त्यांना स्मशानभूमीत घेऊन गेली. थडग्यांवरील दगड शेवाळाने इतके माखले होते की अक्षरे वाचता येईनात. तेव्हा पाणी आणि राठ कुंचला मागवण्यात आला. फ्रँक्लिन यांच्यासमवेत पीटर नावाचा एक कृष्णवर्णी गुलाम होता. त्याने दगड घासून स्वच्छ केले आणि विल्यमने त्यांवरील लेख उतरवून घेतले.

या शोधातून कोणी राजा किंवा सरदार पूर्वज निघाला नाही. निघाले ते कष्टकरी लोहार! हे घराणे सुमारे तीनशे वर्षे तीस एकरांच्या स्वतःच्या जमिनीवर राहत होते आणि थोरल्या मुलाला लोहारकी शिकवण्याची त्यांची रीत होती. आणखी एक गंमत फ्रँक्लिन यांच्या ध्यानी आली. पाच पिढ्या ते धाकट्या मुलाचे धाकटे मूल होते!

घराण्यात एक हकीकत सांगितली जात असे. मेरी राणीच्या काळात इंग्रजी बायबल घरी ठेवणे धोक्याचे होते. तेव्हा फ्रँक्लिन यांच्या खापरपणजोबांनी आपले बायबल एका तिवईच्या खालच्या बाजूस फितीने बांधून ठेवले होते. वाचताना ते तिवई गुडघ्यांवर उलटी घेत. एक मूल दारात पहारा करी. अधिकारी येताना दिसला की तिवई पुन्हा सरळ होई आणि ग्रंथ अदृश्य होई!

हाच बाणा जोसाया यांच्याही अंगी होता. आपल्या पंथाप्रमाणे उपासना करण्यास इंग्लंडमध्ये मज्जाव होता; म्हणून सुमारे १६८३ साली ते पत्नी व तीन मुले यांसह समुद्रापार गेले. मूळचा त्यांचा धंदा रंगाऱ्याचा. बॉस्टनमध्ये त्यावर पोट भरेना, तेव्हा ते मेणबत्त्या करू लागले. फ्रँक्लिन यांच्या मातोश्री अबाया या जोसाया यांच्या दुसऱ्या पत्नी. त्यांचे वडील पीटर फोल्जर हे नँटकेट बेटावरील आरंभीच्या वसाहतकारांपैकी एक. त्यांनीही भिन्न पंथीयांच्या छळाविरुद्ध पद्यरचना केली होती.

हा सारा वृत्तांत फ्रँक्लिन यांनी १७७१ साली आत्मचरित्राच्या आरंभी लिहिला, तोही विल्यमला उद्देशून. परंतु १७७६ साली पित्याने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली आणि पुत्र राजनिष्ठ राहिला. ज्याला घराण्याची कथा सांगितली, तोच दुरावला. ती जखम पुढे कधी पुरी भरली नाही.

थडगी घासणाऱ्या पीटरसारख्या गुलामांच्या वाडवडिलांची नावे मात्र अशा वह्यांत क्वचितच सापडत. ज्यांच्या पूर्वजांनी स्वातंत्र्यासाठी देश सोडला, तेच फ्रँक्लिन अनेक वर्षे गुलाम बाळगून होते. उतारवयात त्यांना या प्रथेतील अन्याय उमगला. १७८७ साली ते गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले आणि १७९० च्या फेब्रुवारीत ही प्रथा नष्ट करावी असा अर्ज त्यांनी काँग्रेसपुढे पाठवला. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पूर्वजांची नावे दगडावर सापडतात. त्यांचे गुण मात्र वंशजांनी आपल्या आचरणात जपावे लागतात.