सहा पेन्सचं खातं

तुमचं पहिलं बँक खातं आठवतंय? बहुतेकांचं स्कॉलरशिपसाठी उघडलेलं असतं. सोबत बाबा, फॉर्मवर चार ठिकाणी सह्या, आणि खात्यात शून्य रुपये. तरी बँकेनं तुम्हाला हाकललं नाही. दोनशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये असता, तर दारातूनच परत फिरावं लागलं असतं. तिथल्या बँका दहा पौंडांच्या खाली ठेव घेतच नसत. शेतमजुराच्या हाती एकरकमी दहा पौंड येणार कुठून? मग शिल्लक राहिलेली चिल्लर गादीखाली, नाहीतर गुत्त्यात.

ही अडचण ज्याला दिसली, तो अर्थतज्ज्ञ नव्हता, खेड्यातला पाद्री होता. नाव हेन्री डंकन. बचत बँकेचा जनक म्हणून जगभर त्याचं नाव घेतात, पण आपल्याकडे कॉमर्सच्या मुलांनाही ते क्वचितच माहीत असतं.

डंकन जन्मला १७७४ मध्ये, पाद्र्याच्याच घरात. सोळाव्या वर्षी घरच्यांनी त्याला लिव्हरपूलला एका बँकेत चिकटवला. तीन वर्षं त्यानं खतावण्या लिहिल्या आणि मग नोकरी सोडली. चांगली बँकेतली नोकरी सोडून हा धर्मशास्त्र शिकायला गेला, तेव्हा घरच्यांना काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा. १७९९ मध्ये तो रुथवेलच्या चर्चमध्ये रुजू झाला. डमफ्रीजजवळ, समुद्राच्या खाडीलगतचं हे छोटं गाव. आजूबाजूच्या वाड्यावस्त्या धरून लोक हजार-अकराशे. या साऱ्या हद्दीला पॅरिश म्हणायचे, आणि पॅरिशचं चर्च म्हणजे फक्त रविवारची प्रार्थना नव्हे. शाळेवर देखरेख चर्चची, गोरगरिबांना मदत चर्चची, भांडणतंटाही बऱ्याचदा चर्चच्याच पायरीवर.

आल्या आल्या त्याला दुष्काळ भेटला. लिव्हरपूलला त्याचे भाऊ होते. त्यांच्यामार्फत त्यानं धान्य मागवलं आणि खरेदीच्या भावानं गावात विकलं. फुकट वाटलं नाही, हे लक्षात ठेवा. पुढे नेपोलियन चालून येणार अशी आवई उठली, तेव्हा हाच पाद्री गावच्या स्वयंसेवक तुकडीचा कॅप्टन झाला. १८०९ मध्ये डमफ्रीजला वर्तमानपत्र काढलं आणि त्याचं संपादनही केलं. एकूण काय, शांत बसणाऱ्यांतला माणूस नव्हता.

पण खरी गोष्ट १८१० ते १८२० या दहा वर्षांची आहे.

चर्चच्या दानपेटीतून गरिबांना पैसे वाटताना त्याला एक गोष्ट सलत होती. मदत घ्यायला येणारा माणूस मान खाली घालून येतो. तोच माणूस धडधाकट असताना, हंगामात कमावत असताना चार पैसे बाजूला टाकू शकला असता, तर म्हातारपणी किंवा आजारपणी त्याला हात पसरावा लागला नसता. फक्त ते ठेवायला जागा हवी होती.

मे १८१० मध्ये गावातल्या एका साध्या कॉटेजमध्ये त्यानं ती जागा उघडली. कमीत कमी ठेव सहा पेन्स. वीस शिलिंगांचा पौंड आणि बारा पेन्सचा शिलिंग, म्हणजे दहा पौंड जमवायला सहा पेन्स चारशे वेळा ठेवावे लागतील. बाकीच्या बँका चारशेव्या खेपेनंतरच दार उघडत होत्या, डंकननं ते पहिल्या खेपेला उघडलं.

कॉटेजमध्ये एक पेटी होती, तिला तीन कुलपं. तीन किल्ल्या तीन माणसांकडे, म्हणजे एकट्याला पेटी उघडताच येऊ नये. पाद्रीबुवांवर विश्वास होता हो, पण पैशाच्या बाबतीत विश्वासाला कुलूपही लागतं, हे लिव्हरपूलला शिकलेला माणूस विसरला नव्हता. जमलेली रक्कम डमफ्रीजला ब्रिटिश लिनन कंपनीच्या बँकेत जायची. तिथं पाच टक्के व्याज मिळायचं. त्यातून ठेवीदाराला साधारण चार टक्के, उरलेल्यात बँकेचा खर्च. दान कुणाचं नाही, उपकार कुणाचे नाहीत. मजुरांसाठी बचतीचे प्रयोग त्याआधी इंग्लंडमध्येही झाले होते, त्यामुळे पहिली बँक कुणाची यावर वाद घालता येतो. पण स्वतःच्या पायावर उभी राहणारी, धंद्याच्या नियमानं चालणारी बचत बँक म्हणून मान रुथवेललाच जातो.

एक गोष्ट मात्र आपल्याला खटकेल. खातं उघडताना माणसाचं वय, घरची परिस्थिती आणि चालचलणूक यांची चौकशी व्हायची. आजच्या केवायसीला वैतागणाऱ्यांनी विचार करा, फॉर्मवर तुमच्या वागणुकीचा रकाना असता तर!

पहिल्या वर्षी जमले १५१ पौंड. १८१४ पर्यंत आकडा ९२२ वर गेला. सहा पेन्स, शिलिंग अशा चिल्लरीतून, हजारभर वस्तीच्या गरीब गावात. मग डंकननं आपल्या पेपरात लिहिलं, पुस्तिका काढली, गावोगावच्या लोकांना नियम कळवले. पत्रांचा ढीग यायचा, आणि त्या काळात टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्यानंच भरायचे. यातून त्याला फायदा काय? दमडीचा नाही.

टीकाही झाली. विल्यम कॉबेट हा त्या काळातला फटकळ पत्रकार, बचत बँकांवर तुटून पडला. मजुराला धड पोटापुरतं मिळत नाही आणि त्याला बचत कसली शिकवता, असा त्याच्या बोलण्याचा रोख. मला विचाराल तर कॉबेट सगळाच चुकला नव्हता. मजुरी वाढवण्याचा प्रश्न सहा पेन्सच्या खात्यानं सुटत नाही. पण आठवड्याची मजुरी खिशात घेऊन घरी निघालेल्या माणसाला दुसरी काही वाट दाखवायची, तर ती डंकनच दाखवत होता.

१८१७ मध्ये इंग्लंड आणि आयर्लंडसाठी बचत बँकांचा कायदा झाला. स्कॉटलंड राहिलं होतं. डंकन स्वतः लंडनला गेला, खासदारांना गाठलं, समजावलं, आणि १८१९ मध्ये तोही कायदा मंजूर झाला. पुढे ब्रिटनमध्ये १८६१ मध्ये पोस्टानं बचत खाती सुरू केली, आपल्याकडे १८८२ मध्ये पोस्टाची बचत बँक देशभर पोचली. तुमच्या आजीच्या पोस्टाच्या पासबुकाचं मूळ शोधत गेलात, तर वाटेत रुथवेल लागतं.

नंतरची वर्षं भराभर सांगतो. रुथवेलच्या चर्चमध्ये एक प्राचीन दगडी क्रूस होता, साडेपाच मीटर उंच, आठव्या शतकातला, रुनिक लिपी कोरलेला. १६४० च्या दशकात चर्चच्याच हुकमानं तो मूर्तिपूजा ठरवून फोडला गेला. त्याच चर्चच्या या पाद्र्यानं तुकडे गोळा केले आणि १८२३ मध्ये आपल्या घराच्या बागेत क्रूस पुन्हा उभा केला. जवळच्या दगडखाणीत प्राण्यांची पावलं उमटलेल्या शिळा निघाल्या, तर त्यांवर १८२८ मध्ये एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. जीवाश्म पावलांबद्दलचा हा पहिला शास्त्रीय वृत्तांत मानतात.

आणि मग १८४३. पॅरिशमध्ये पाद्री कोण, हे जमीनदारानं ठरवायचं की मंडळींनी, यावरून स्कॉटलंडचं चर्च फुटलं. डंकन स्वतः जमीनदाराच्या नेमणुकीनंच आला होता. तरीही तो मंडळींच्या बाजूनं उभा राहिला. बाहेर पडणं म्हणजे पगार आणि घर दोन्ही सोडणं. वय जवळपास सत्तर. तरी बाहेर पडलेल्या ४७४ पाद्र्यांत तो होता. चव्वेचाळीस वर्षांचं घर आणि हातानं फुलवलेली बाग मागे टाकून तो एका लहान घरात राहायला गेला. नव्या मंडळींसाठी जवळच माउंट केडारला दुसरं चर्च उभं राहिलं. फेब्रुवारी १८४६ मध्ये प्रार्थनेच्या सभेत बोलतानाच त्याला अर्धांगाचा झटका आला आणि थोड्याच दिवसांत तो गेला.

क्रूस त्या जुन्या बागेतच राहिला. १८८७ मध्ये तो पुन्हा चर्चमध्ये आणला, तेव्हा उंची इतकी की जमीन खोल खणून त्याला उभं करावं लागलं. आजही तो तिथंच आहे.