दोनदा मुळाक्षरे गिरवणारे फुकुझावा

मी तुम्हाला जपान देशातल्या एका थोर माणसाची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव फुकुझावा युकिची. नाव जरा जड आहे, पण चार वेळा म्हटलं की जमतं. आमच्या गुरुजींनी ही गोष्ट वर्गात सांगितली. मला ती फार आवडली म्हणून मी लिहून काढली.

फुकुझावा यांचा जन्म १० जानेवारी १८३५ रोजी ओसाका शहरात झाला. त्यांचे वडील एका संस्थानात लहान हुद्द्यावर होते. फुकुझावा दीड वर्षाचे असतानाच वडील वारले. मग त्यांची आई पाच लेकरं घेऊन नाकात्सु या आपल्या गावी परत आली. फुकुझावा सगळ्यांत धाकटे. घरी गरिबी होती. ते लाकडी खडावा दुरुस्त करायचे आणि घरातली मोडतोड नीट करायचे. त्यांच्या बरोबरीची मुलं पुष्कळ शिकून पुढे गेली, तेव्हा कुठे ते शाळेत जायला लागले. पण नंतर त्यांनी सगळ्यांना गाठलं.

त्या वेळी जपानने परक्या लोकांना दार बंद केलं होतं. दोनशे वर्षांहून जास्त काळ असंच चाललं होतं. युरोपातल्या लोकांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीला यायची परवानगी होती. म्हणून बाहेरची नवीन विद्या शिकायची तर डच भाषा शिकावी लागे. १८५३ साली अमेरिकेच्या युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला आल्या. तोफा बघून सगळे घाबरले. पुढच्याच वर्षी फुकुझावा डच शिकायला नागासाकीला गेले. १८५५ पासून ते ओसाकाला ओगाता नावाच्या वैद्यांच्या शाळेत शिकू लागले.

त्या शाळेत पुस्तकं फार थोडी होती. प्रत्येकाने पुस्तक हाताने उतरवून घ्यायचं. डच भाषेचा मोठा शब्दकोश एकच होता. तो एका खोलीत ठेवलेला असे. परीक्षा जवळ आली की त्या खोलीत मुलांची गर्दी व्हायची. फुकुझावा इतका अभ्यास करत की झोप आली की मेजावरच डोकं टेकवत. एकदा ते आजारी पडले आणि त्यांनी उशी शोधली. तेव्हा त्यांना समजलं की आपण कितीतरी महिने उशी घेतलेलीच नाही!

१८५८ साली ते एदो शहरात आले. आता त्या शहराला टोकियो म्हणतात. तिथे ते मुलांना डच शिकवू लागले. म्हणजे ते आता मास्तर झाले.

पण झालं काय, १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी लोकांना उघडं झालं. आपली डच भाषा चालते का ते बघायला फुकुझावा रात्रीच पायी निघाले. योकोहामाला जाऊन बघतात तर एकही पाटी वाचता येईना. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा वाचता येईनात. त्यांचं बोलणं कुणाला कळेना आणि लोकांचं त्यांना कळेना. शेवटी एक जर्मन दुकानदार भेटला. त्याच्याशी कागदावर डच लिहून थोडंसं जमलं. बाकी सगळीकडे इंग्रजी. दिवसभर हिंडून ते परत चालत घरी आले. पायही दुखत होते आणि मनही दुखत होतं. पाच वर्षं जीव तोडून शिकलो ते पाण्यात गेलं, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी ठरवलं की आता इंग्रजी शिकायचं. वय चोवीस, स्वतः मास्तर, तरी पहिल्या अक्षरापासून सुरुवात!

पण शिकवणार कोण? सरकारी दुभाषी मोरियामा यांना इंग्रजी येत होतं. त्यांचं घर आठ किलोमीटरच्या वर लांब. फुकुझावा सकाळी जायचे तर ते कामात असायचे. रात्री जायचे तरी तेच. वाटेत अंधार आणि चोरांची भीती. दोन-तीन महिने फेऱ्या मारल्या, पण शिकणं काही झालं नाही. मग ते सरकारी विद्यालयात गेले. तिथला शब्दकोश घरी न्यायला मिळत नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या संस्थानाकडे अर्ज केला. संस्थानाने पाच र्‍यो, म्हणजे तेव्हाची सोन्याची पाच नाणी, देऊन दोन भागांचा शब्दकोश घेऊन दिला. त्यात इंग्रजी शब्दाचा अर्थ डच भाषेत होता. म्हणजे इंग्रजीचं डच करायचं आणि डचचं जपानी करायचं. डबल काम!

सोबतीला कुणी असावं म्हणून त्यांनी मित्रांना विचारलं. एका मित्राने तर साफ नाही म्हटलं. शेवटी एक जण तयार झाला. शब्दाचा अर्थ कोशात मिळे, पण उच्चार कसा कळणार? त्यासाठी ते नागासाकीहून आलेल्या एका लहान मुलाला विचारायचे. वादळात वाहून गेलेले आणि परदेशी जहाजांनी वाचवलेले लोक परत आले की त्यांच्या बिऱ्हाडी जाऊन उच्चार विचारायचे. एवढा शिकलेला माणूस लहान पोराला आणि कोळ्यांना विचारतो, त्याला लाज वाटली नाही. हे मला सगळ्यांत आवडलं.

हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं की डच आणि इंग्रजीचं व्याकरण पुष्कळ सारखं आहे. जुनं शिकलेलं वाया गेलं नव्हतं. त्याच्याच आधाराने ते नवीन शिकत होते.

१८६० साली ते कानरिन मारू या जहाजातून अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी वेबस्टर यांचा इंग्रजी शब्दकोश विकत घेतला. त्याच जहाजावर दुभाषी मांजिरो होते. त्यांनीही एक घेतला. मांजिरो हे लहानपणी समुद्रात वाहून गेलेले कोळ्याचे पोर. फुकुझावांनी परत येऊन शब्दांचं एक पुस्तक काढलं. जपानी लिपीत इंग्रजी व्ही चा उच्चार लिहिता येत नव्हता, म्हणून त्यांनी एका अक्षराला दोन बारीक रेघा जोडून तो लिहिला. आपण नाही का, बॅट आणि बॉल लिहिताना वर चंद्र काढतो, तसंच हे.

त्यांच्या शाळेत डचऐवजी इंग्रजी सुरू झालं. १८६८ साली तिला केइओ गिजुकु हे नाव मिळालं. त्याच वर्षी शहरात लढाई झाली. तोफांचे आवाज येत होते, तरी फुकुझावांनी इंग्रजी पुस्तकावरचा तास चालू ठेवला. ती शाळा आता मोठं विद्यापीठ आहे. त्यांनी सोप्या जपानी भाषेत पुस्तकं लिहिली आणि परदेशातलं ज्ञान साध्या माणसांना दिलं. ३ फेब्रुवारी १९०१ रोजी ते वारले. १९८४ सालापासून दहा हजार येनच्या नोटेवर त्यांचं चित्र छापू लागले. २०२४ साली नवीन नोट आली, तिच्यावर दुसऱ्यांचं चित्र आहे.

आपल्या वर्गातली काही मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत गेली. काही पालक म्हणतात की मराठी शाळेत शिकून पुढे इंग्रजी येणार नाही. पण फुकुझावांना आधीच्या भाषेनेच नवी भाषा शिकवली. आपल्याला पहिलीपासून इंग्रजीचं पुस्तक आहे, शाळेत शब्दकोश आहे आणि तो एकाच खोलीत कोंडलेला नाही. आता फक्त आपण तो उघडायचा आणि न कळलेला शब्द न लाजता विचारायचा.